दिव्याची काच

आईच्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. चौदाव्या वर्षी ते तळेगाव दाभाड्याच्या पैसा फंड काच कारखान्यात लागले. पहिली दोन वर्षं त्यांचं काम एवढंच होतं: कारागिराची फुंकनळी रिकामी झाली की तिच्या टोकाला चिकटून राहिलेली काच ठोकून काढायची आणि नळी पुन्हा भट्टीच्या तोंडाशी ठेवायची. तिसऱ्या वर्षी एका वयस्कर कारागिरानं ती नळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "फुंकशील नंतर. आधी फिरवायला शीक." नळी सारखी फिरती ठेवली नाही तर वितळलेली काच काकवीसारखी एका बाजूला ओघळते आणि वस्तू तिरपी होते. नुसतं फिरवणं जमायला नानांना एक अख्खा पावसाळा लागला.

माझ्या कपाटात धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली दिव्याची एक काच आहे. पोटाशी फुगीर, वर निमुळती. खालच्या कडेपासून बोटभर अंतरावर मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा. लहानपणी मी तो उन्हात धरून बघत बसे. एकदा विचारलं, "नाना, हा तुमचा श्वास आहे का आत?"

"न्हाय रं," नाना म्हणाले. "ती भट्टीतली हवा. माल पुरता वितळला नव्हता आन मी घाई केली. चूक हाय ती माझी."

चांगल्या काचा बाजारात गेल्या. चुकलेली घरात राहिली, म्हणून आज ती माझ्याकडे आहे.

मी मावळातल्याच एका महाविद्यालयात पस्तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. विकसनशील देशांचा विकास, व्यापार आणि औद्योगिकीकरण हा माझा आवडीचा पेपर. त्यातलं जे मला खरोखर समजलं ते नानांमुळे समजलं, आणि ते त्यांना मी कधी सांगितलं नाही. या लेखात ते देणं थोडंफार उतरावं असा प्रयत्न आहे.

पैसा फंडाची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशात धंदे उभे करायचे. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसांनी आपलं वर्षाचं देणं दिलं की फंडात एक रुपया पडायचा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला बळ दिलं आणि १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं काम बघू लागले. भांडवल कुठून येतं, हा विकासाच्या अर्थशास्त्रातला पहिला प्रश्न. बचतीतून येतं, परदेशातून येतं, सरकारकडून येतं, अशी उत्तरं मी फळ्यावर लिहीत असे. आणि प्रत्येक वेळी मनात येई की इथं, आपल्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ते परत मिळण्याची आशा न धरता दिलेल्या पैशा-पैशातून आलं होतं. नाना ज्या नळीत फुंकत होते ती अशा कुणाकुणाच्या पैशातून घेतलेली. त्या देणाऱ्यांना ते कधी भेटले नाहीत.

कारखान्यासमोर बाजारात उभी होती ती युरोपातली आणि जपानमधली काच. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारा माल आटला आणि देशातल्या काच कारखान्यांना श्वास घेता आला. युद्ध संपलं तशी परकी काच पुन्हा बंदरात उतरू लागली; जपानी तर फार स्वस्त. काचधंद्यानं संरक्षण मागितलं. टॅरिफ बोर्डानं चौकशी करून १९३२ साली त्याच्या बाजूनं अहवाल दिला. सरकारनं तीन वर्षांनी, १९३५ साली, तो नाकारला. कारण असं दिलं की काचेला लागणारा सोडा ॲश या देशात होत नाही, म्हणजे हा धंदा इथला नैसर्गिक धंदा नव्हे.

मला हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. जपानकडे स्वतःचा कापूस नव्हता. आपल्याच मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी नेऊन जपाननं गिरण्या चालवल्या आणि कापड जगभर विकलं. ज्याच्याकडे सगळा कच्चा माल घरचा आहे त्यानंच कारखाना काढावा असं म्हटलं, तर जगात फार थोडे कारखाने निघाले असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात हेच बजावलं होतं की इंग्लंडला लागू पडणारं अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लावू नका. खुला व्यापार बरोबरीच्या गड्यांत छान. चौदा वर्षांच्या पोरानं नळी फिरवायला शिकेपर्यंत त्याला कुणीतरी आडोसा द्यावा लागतो. जन्मभराचा नव्हे, शिकेपर्यंतचा. पुढं स्वतंत्र भारतात आपण काही धंद्यांना आडोसा दिला आणि तो काढायचंच विसरलो, हेही मी वर्गात तितक्याच स्पष्टपणे सांगत असे.

नानांना टॅरिफ बोर्ड ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट ते फार ठामपणे सांगत. तयार झालेली काच लगेच उघड्यावर आणायची नाही. तिला तापलेल्या कोठीत ठेवून सावकाश निववायची. "घाईनं निवली तर त्याच दिवशी तडकंल असं न्हाय. धा दिवसांनी, कुणी हात न लावता, मधरात्री फुटती." त्यांच्या सांगण्यातली ती मधरात्र मला वर्गात नेहमी आठवायची, एखाद्या देशानं एका फटक्यात दारं उघडली आणि मग काही वर्षांनी त्याच्या चलनाची पडझड झाली, असं वाचलं की विशेषच.

कारखान्यातून काय निघालं हे मोजायचं तर ताळेबंद आहेत. कुणाचा हात बसला, ते कुठं लिहिलेलं नसतं. वार्ष्णेय स्वतः पुढं संयुक्त प्रांतात गेले आणि बहजोईला त्यांनी काच कारखाना काढला. तळेगावात शिकलेली माणसं देशात ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर गेली. आमच्या घरात तो हात वेगळ्या वाटेनं गेला. नाना भट्टीची आच रंगावरून ओळखत. डाळिंबी लाल, मग केशरी, मग पिवळट, आणि डोळ्यांना टोचेल असा पांढरा. प्रत्येक रंगाला काय करायचं ते ठरलेलं. मामा लहानपणी डबा द्यायला जात आणि तिथं उभं राहून हे रंग बघत. १९६२ साली एमआयडीसी आली, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. मामा एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला लागले. मुलाखतीत साहेबानं भट्टीचं दार उघडून विचारलं, किती असेल? मामांनी रंग बघून आकडा सांगितला आणि मग साहेबानं मीटर बघितलं. दहावीसुद्धा न झालेल्या माणसाला त्या दिवशी नोकरी मिळाली. काचेचा हात असा लोखंडाला लागू पडला.

मामांच्या त्या पगारातून नानांनी माझा तळेगाव-पुणे रेल्वेचा पास काढून दिला. चार वर्षं, दर तीन महिन्यांनी. पास संपायच्या आदल्या संध्याकाळी नाना पैसे रुमालात बांधून उशाशी ठेवत आणि सकाळी मी निघताना काही न बोलता पुढं करत. मी कॉलेजात शिकलो तो असा: अनोळखी माणसांच्या पैशा-पैशावर नानांचा हात बसला, नानांच्या हातावर मामांचा, आणि मामांच्या पगारावर माझा पास.

मी मूळचा आंदर मावळातला. सातवीनंतर शिक्षणासाठी तळेगावला नानांकडे आलो, तोपर्यंत आमच्या वाडीत वीज नव्हती. संध्याकाळ झाली की आजी चुलीतली राख फडक्यावर घेऊन कंदिलाची काच पुसायची. कंदील ओगलेवाडीचा, प्रभाकर. ठोकरवाडीच्या तलावाचं पाणी समोर चमकायचं आणि डोंगरावर विजेच्या उंच खांबांच्या ओळी दिसायच्या.

लोणावळ्याच्या परिसरात पाऊस तुफान पडतो. तो अडवून बोगद्यांतून आणि नळांतून कोकणाच्या बाजूला सोडला तर मुंबईच्या गिरण्या कोळशाशिवाय चालतील, हे जमशेटजी टाटांनी ओळखलं होतं. ते १९०४ साली गेले. काम पुढच्या पिढीनं केलं. वळवण, लोणावळा, शिरवता असे तलाव झाले आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. मग १९२२ साली भिवपुरी, त्यासाठी ठोकरवाडीचं पाणी. मग १९२७ साली भिरा, त्यासाठी मुळशीचं. एका शतकापूर्वी इथं असं काही घडत होतं. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली, घाटावरची हजारो माणसं पोटाला लागली, त्यांच्या मनिऑर्डरींवर गावं जगली, त्यामागे आमच्या डोंगरावरचा पाऊस होता.

पण मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यांच्याबरोबर तुरुंगात गेले, तेही याच विजेच्या हिशेबात धरायला हवं. भाताची खाचरं पाण्याखाली गेली; ती पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून, माती अडवून केलेली होती. मोबदला जमिनीचा ठरवता येतो. कोणत्या खाचरात पाणी कधी सोडायचं हे ज्याला कळत होतं, त्याच्या त्या कळण्याचं काय? नव्या ठिकाणी ते कळणं चालत नाही. नानांचा हात लोखंडाला लागू पडला. पाण्याखाली गेलेल्या खाचराचा शेतकरी नवख्या गावात मजूर झाला. उद्योगानं एखाद्या मुलखाचं भलं केलं की नाही हे ठरवताना मी हाच प्रश्न विचारतो: इथल्या माणसाला जे येत होतं, ते पुढं उपयोगी पडलं की वाया गेलं? दरडोई उत्पन्नाचा आकडा मी त्यानंतर बघतो.

खंडाळ्याचा घाट मी हजारदा उतरलो असेन. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली गाडी धावली. चढ इतका की काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट. पंचवीस बोगदे. कामाच्या भरात चाळीस हजारांच्या वर माणसं एका वेळी तिथं होती. पटकीनं आणि तापानं किती गेली त्यांची नावं नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, काम पुढं चालवलं. तिचं नाव निदान राहिलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, मँचेस्टरला कापूस हवा होता, अशा ऐन वेळी हा घाट खुला झाला. दख्खनचा कापूस खाली गेला, विलायती कापड वर आलं. वर आलेल्या कापडानं इथले किती माग बंद पडले आणि खाली गेलेल्या कापसानं मुंबईत किती गिरण्या उभ्या राहिल्या, दोन्ही एकाच रुळावरून. व्यापारानं देश वाढतो की बुडतो असं विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी त्यांना घाटात नेई आणि रूळ दाखवी. त्याच रस्त्याला दोन हजार वर्षांपूर्वीचं कार्ल्याचं लेणं आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं, धेनुकाकटाच्या व्यापाऱ्यांचं दान तिथं दगडात कोरलेलं आहे. दान देणाऱ्याचं नाव खांबावर राहिलं. छिन्नी धरणाऱ्यांचं शोधावं लागतं.

१९८१ च्या मार्चमध्ये माझी एम. ए.ची शेवटची परीक्षा होती. आर्थिक विकासाच्या पेपरचा अभ्यास चालला होता. नाना दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना दम लागायचा. अचानक म्हणाले, "वही घे. भट्टीवर माझ्यासंगं कोण कोण होतं, त्यांची नावं सांगतो. लिहून ठेव. मला नळी कुणी दिली, त्याला कुणी दिली, समदं ठाव हाय मला."

मी मान वर न करता म्हणालो, "नाना, परीक्षेनंतर लिहू."

ते बरं म्हणाले. त्यांनी कधी आग्रह केला नाही, कशाचाच. परीक्षा झाली, मला पहिला वर्ग मिळाला, आणि ज्येष्ठात नाना गेले. त्या पेपरात मी श्रमिकांच्या कौशल्याविषयी पाच पानं लिहिली होती.

मामांना त्यातली दोन नावं आठवत होती. बाकीची गेली.

गेली काही वर्षं जानेवारीच्या अखेरीला मी पवन मावळात जातो. माझी एक विद्यार्थिनी आणि तिचा नवरा तिथं पॉलिहाऊसमध्ये गुलाब लावतात. माझ्याच पेपरात ती एकदा नापास झाली होती; दुसऱ्यांदा बसली आणि चांगली पास झाली. तळेगावला फुलशेतीचं औद्योगिक क्षेत्र झालं, तिथं शिकवण्याची सोय झाली, आणि मावळातल्या थंड हवेत, भाताच्या खाचरांशेजारी, प्लॅस्टिकची घरं उभी राहिली. १४ फेब्रुवारीला युरोपात, जपानमध्ये, ऑस्ट्रेलियात जे गुलाब लागतात त्यांतले काही इथून जातात.

पहिल्या भेटीत तिनं मला सगळं दाखवलं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाडं वाकवायची, छाटायची. म्हणजे दीड महिन्यानं सगळा बहर एकदम येतो. पाच दिवस आधी आला तरी नुकसान, पाच दिवस उशिरा आला तरी. थंडी जास्त पडली की तिला झोप नसते. कळी उमलायच्या आत तोडायची, पण फार घट्ट असताना नाही. फार घट्ट तोडली तर ती फुलदाणीत मान टाकते. दांडीची लांबी मोजायची, चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर. वीस फुलांची एक जुडी, वर जाड कागदाचं वेष्टण, मग थेट शीतगृहात.

रोपांच्या जाती परदेशी कंपन्यांच्या. प्रत्येक रोपामागे रॉयल्टी द्यावी लागते, आणि ती देते याबद्दल तिची तक्रार नाही; कुणीतरी वर्षानुवर्षं खपून ती जात काढली आहे. केनिया आणि इथिओपियाचा गुलाब समोर उभा असतो. त्यांचं विमानभाडं, त्यांचा हवामानाचा फायदा, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा तिनं फुलं तोडून बांधावर टाकली. झाड जगवायचं तर फूल तोडावंच लागतं, गिऱ्हाईक असो नसो. मी फोन केला तर म्हणाली, "सर, तुम्ही वर्गात निर्यातीवरचं अवलंबित्व शिकवलं होतं. आज रोज सकाळी कात्रीनं कापतेय ते." आता ती निम्मा माल देशातच विकते. लग्नसराईत मुंबई-पुण्याचा भाव कधी कधी परदेशाहून बरा असतो.

यंदा गेलो तेव्हा पॅकिंगच्या खोलीत दहा-बारा बायका होत्या. काही गावातल्या, काही ओडिशा-झारखंडातून आलेल्या मुली. मधोमध एक साठीची बाई. तिच्या हातात दांडी आली की ती मोजपट्टीकडे बघतच नव्हती. अंगठ्यानं कळीला बुडाशी हलकं दाबायची आणि दांडी उजवीकडे, डावीकडे किंवा पायाशी टाकायची. मी दोनदा मोजून बघितलं, चूक नाही. बाकीच्या मुली फूल तिच्यापुढं धरायच्या, ती नुसती हनुवटी हलवायची.

"हिला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही सर. या मावशी माझ्या सासूबाईंच्या शेजारी भात लावायच्या. पहिल्या वर्षी आमचा निम्मा माल परत आला होता. मावशींनी दोन आठवडे नुसतं बघितलं आणि मग सांगायला लागल्या की कुठली कळी टिकेल. या सगळ्या जणी त्यांच्याच हाताखाली तयार झाल्यात. त्यातल्या तिघी आता दुसऱ्यांच्या पॉलिहाऊसवर मुकादम आहेत."

रोपाच्या जातीला रॉयल्टी आहे. या अंगठ्याला नाही. भातातून गुलाबात आलेला हात बघून मला नानांची नळी आठवली आणि माझा गळा भरून आला, हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

पिशवीत वही होती. मी मावशींपाशी गेलो आणि म्हणालो, "मावशी, मला लिहून घ्यायचंय. तुम्ही कुणाकुणाला शिकवलंत, त्यांची नावं. आणि तुमचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. बाहेर गार पेट्यांची गाडी वळवून मागं घेत होते, ड्रायव्हर हात करत होता. रात्रीचं विमान होतं.

"आत्ता न्हाय दादा," त्या म्हणाल्या. "गाडी लागलीया. हे निघून जाऊ द्या, मग सांगते."

मी कोपऱ्यातलं एक रिकामं क्रेट पालथं घातलं आणि त्यावर वही मांडीवर घेऊन बसलो. गाडी जायला साडेअकरा वाजले.